नेमाकाकांचं गाळणं

शिरपूर जैनच्या नेमाकाकांनी मला नोकरीत ठेवलं. ते माझ्या शिलाई मशीनच्या कंपनीचे मालक नव्हते की साहेब नव्हते. त्यांच्या घरातलं शिलाई मशीनसुद्धा दुसऱ्याच कंपनीचं होतं. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान होतं आणि त्या दुकानात येणारी प्रत्येक पातळ वस्तू ते गाळून घेत. पाणी तर त्यांच्या धर्मातच गाळून प्यायला सांगितलंय. पण काका दूध गाळत, गोडं तेल गाळत, रॉकेल गाळत, आणि एकदा मी त्यांना दौतीतली शाई गाळताना पाहिलं. "गाळून घेतलं का मंग कोनाले भ्यायचं काम नाई," असं ते म्हणत. मी सगळ्यालाच भीत असे, त्यामुळे मला हे वाक्य फार आवडे.

मी कोकणातला, खाडीकाठच्या मच्छीमाराच्या घरातला. आठवीत शाळा सुटली. मी तिला सोडलं की तिनं मला, याबद्दल घरात दोन मतं होती. वडिलांनी होडीवर घेतलं, तर मला होडी लागते असं निघालं. ओकाऱ्या काढणारा मच्छीमार आमच्या वाडीनं तोवर पाहिला नव्हता. लोक किनाऱ्यावर येऊन बघून जात. शेवटी मामाच्या ओळखीनं शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं काम शिकलो आणि त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास कंपनीनं मला वऱ्हाडात पाठवलं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. साहेब अकोल्याला, मी मालेगावात भाड्याच्या खोलीत.

साहेबांनी पहिल्याच भेटीत सगळं स्पष्ट केलं होतं. मालेगाव, शिरपूर, पार इंझोरीपर्यंतची गावं एकट्यानं सांभाळायची, तर स्वतःचं वाहन पाहिजे. एसटीनं गेलास तर एक मशीन बघशील आणि मुक्काम करशील. दिवाळी झाली की मी मालेगावला येईन; वाहन दिसलं तर कायम, नाही दिसलं तर कोकणाचं तिकीट कंपनी काढून देईल. तिकिटाचं ते फार प्रेमानं म्हणाले. मी मान हलवली. तोवर मला सायकलसुद्धा नीट येत नव्हती.

काकांकडे मी पहिल्यांदा गेलो तो त्यांच्या बायकोचं, केसरकाकूंचं मशीन बघायला; दुसऱ्या कंपनीचं असलं तरी बिघडलं की बोलावणं मलाच येई. मशीन टाका सोडत होतं. मी उघडून पाहिलं तर आत सगळे स्क्रू अर्धवट आवळलेले आणि एक गायबच.

"याले आधी कोनी हात लावला होता का?" मी विचारलं. म्हणजे मी 'याला' म्हणालो होतो. काकूंनी ते 'याले' करून सगळ्या घराला ऐकवलं आणि दुकानाकडे बोट दाखवलं.

काका शांतपणे आत आले. "मीनंच उघडलं होतं," ते म्हणाले. "एक स्क्रू उरला. कंपनीवाले ज्यादाचा टाकून देतात."

काकांना वस्तू उघडण्याचा नाद होता. तराजू, कुलपं, स्टो, भिंतीवरचं घड्याळ, जे म्हणून स्क्रूनं बंद आहे ते त्यांनी उघडून पाहिलेलं होतं. बंद करताना एखादा स्क्रू हमखास उरे. तो ते गोळ्यांच्या बरणीत टाकत. बरणी निम्मी भरली होती आणि काका ती कंपन्यांच्या उदारपणाचा पुरावा म्हणून दाखवत. मी त्या बरणीतून काकूंच्या मशीनचा स्क्रू शोधून बसवला. मशीन नीट चालू लागलं. काका म्हणाले, "माह्यापाशी याच्याहून मोठी मशीन हाये. येतं का पाह्याले?"

ती गोदामात भुशाच्या पोत्यांमागे होती. जुन्या पलटणीतून लिलावात निघालेली जडशीळ मोटारसायकल. काका त्या लिलावाला रॉकेलचे रिकामे डबे घ्यायला गेले होते. डबे दुसऱ्यानं नेले, काका हे घेऊन आले. त्यांना स्वतःला चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "मले बसायचं नाई गा," ते म्हणाले. "मले तिचा आवाज आयकाचा हाये. इथून निंघाली पायजे, मालेगावले गेली पायजे, अन् वापस आली पायजे. मधात बंद न पडता. बस." मशीन खोलताना मी काकूंना सांगितलेली माझी सगळी हकिकत त्यांनी आधीच काढून घेतली होती. "तुले वाहन पायजे, मले आवाज. लाव हात."

पिस्टन जाम होता. काकांनी प्लगच्या भोकातून रॉकेल ओतलं, अर्थात गाळून, आणि रोज सकाळी मंदिरातून आल्यावर किक हलकेच दाबून बघू लागले. एका सकाळी ती बोटभर खाली गेली. त्या दिवशी शिरपुरात ज्यांनी गूळ घेतला, त्यांना वजनाच्या वर एक खडा मिळाला.

सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. मी तार घेऊन पुढे झालो तर काकांनी हात धरला.

"आत लेकरं असन तिची. निंघू दे."

"काका, दिवाळी जवळ आली."

"तिले काय मालूम दिवाळी?"

माशीची पिल्लं निघून जाईपर्यंत आम्ही सायलेन्सर सोडून बाकी सगळं केलं. मी रोज आत डोकावून बघे. माझी नोकरी एका माशीच्या बाळंतपणावर अडली होती आणि हे साहेबांना कळवण्यासारखं नव्हतं.

दुसरा नियम दिवस मावळण्याचा. चातुर्मास होता. काका सूर्यास्ताच्या आत जेवत आणि त्यानंतर पाण्याचा घोटही घेत नसत. गोदामात दिवाही लावू देत नसत, कारण दिव्यावर किडे येऊन मरतात. "मशीन उद्या भी बंदच राहीन," ते म्हणत, "घाई कायची?" आणि हातातला पाना पुसून खाली ठेवत. काकू दारातून विचारत, "चालू झाली का वो तुमची मशीन, का दर्शनालेच ठेवली?" काका म्हणत, "होऊन राह्यली." ते बहुधा तीन महिने हेच म्हणत होते.

दिवाळीच्या थोडं आधी ती चालू झाली. दुकानाचे डबे हादरले. काका ओट्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले, कीर्तन ऐकावं तसे. मी गोदामामागच्या मोकळ्या रानात पडत-झडत चालवायला शिकलो होतो. आता मालेगावच्या रस्त्याला लागलो. गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत गेलो आणि गाडी खोकून बंद पडली. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालू, पुन्हा थोडं अंतर, पुन्हा बंद. ढकलत परत आलो तर काका ओट्यावर तसेच बसलेले. "चिंचेपाशी ना?" ते म्हणाले. "आयकलं मी."

आम्ही प्लग बदलला. पॉइंट घासले. टाकीच्या झाकणाचं भोक साफ केलं. काकांनी सगळं इंजिन पुन्हा उघडलं आणि बरणीत दोन स्क्रूंची भर पडली, ते मी गुपचूप परत काढून बसवले. गाडी चिंचेच्या पुढे जाईना. दिवाळी झाली. साहेबांचा निरोप आला, बाजाराच्या दिवशी येतोय. मी खोलीतलं सामान बांधून ठेवलं. सामान फार नव्हतं, पण बांधलेलं असलं की मला जरा बरं वाटतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी कार्बोरेटर उघडला आणि ज्यातून पेट्रोलची बारीक धार इंजिनात जाते त्या जेटच्या भोकात मला ओळखीची वस्तू दिसली. सुताचं तूस. शिलाई मशीनच्या बॉबिनखाली साठतं तेच. मी पुष्कळ वेळ ते बोटावर धरून बसलो. मोटारसायकलच्या पोटात कापूस कुठून येणार?

त्याच वेळी पलीकडे काका टाकीत भरायला पेट्रोल गाळत होते. डब्यातून वर घेतलेलं पेट्रोल दुहेरी फडक्यातून खालच्या भांड्यात. मी अनेकदा पाहिलं होतं, पण शेवटपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. पाणी गाळून झालं की त्यांच्याकडे एक रीत आहे. फडकं उलटं करतात, वरून गाळलेलं पाणी ओततात आणि ते जिथून आणलं त्याच विहिरीत हलकेच सोडतात. फडक्यावर अडकलेले जीव आपल्या घरी परत जातात. काकांच्या हाताला लहानपणापासून ती सवय. पेट्रोल गाळून झालं, त्यांनी फडकं उलटं केलं, वरून थोडं पेट्रोल ओतलं आणि सगळी घाण पेट्रोलच्या डब्यात परत सोडली. अगदी हळू, जीव दुखावू नये अशा बेतानं.

फडकंही जुनं, विरलेलं. त्याचे धागे सुटत होते. टाकीच्या नळीला जी जाळी असायला हवी ती पलटणीतच झडून गेली असावी.

मला कळलं. गाडी दुरुस्त होणार होती, पण ते सांगायचं कुणाला? ज्या माणसानं मला स्वतःची गाडी दिली, त्याला त्याच्या गाळण्यानंच गाडी बंद पडते म्हणून? मी जेट फुंकला, पुसला, पुन्हा फुंकला. शेवटी काकूच म्हणाल्या, "हा पोरगा काहून असा पाह्यते तुमच्याकडे? काही लागलं का याले?"

मी बोट पुढे केलं. काकांनी तूस चष्म्याजवळ नेलं. मग फडक्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं.

"पान्याले विरलेलं गाळनं चालत नाई," काका म्हणाले. "हे पान्यातून बाद केलं होतं मीनं. म्हटलं पेट्रोलात कोनता जीव हाये, चालते." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "अन् जीवच नाई, तं वापस कोनाले सोडून राह्यलो मी?"

काकू हसू दाबत आत गेल्या. काकांनी सगळं पेट्रोल नव्या जाड फडक्यातून पुन्हा गाळलं. या वेळी मी फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं, कारण हात पुन्हा डब्याकडे वळला होता. टाकी धुतली, नळीच्या तोंडाला पितळी जाळी डागली. तोवर दिवस कलला. "आता चालू नको करू," ते म्हणाले. "उद्या मालेगावलेच जाय सिद्धा."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. चिंच आली. मी श्वास धरला. चिंच गेली. मालेगावला पोचलो तेव्हा हँडल धरलेली बोटं उघडेनात. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली. "ही चालते?" त्यांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मागे बसले. मग त्यांनी मला तीन गावं फिरवली, गिऱ्हाइकं दाखवली, आणि बाजारात परत आल्यावर समोर भज्यांची ताटली ठेवली. मी घड्याळाकडे बघत होतो. "खा रे, कायम झालास," ते म्हणाले. तेव्हा मी खाल्ली.

शिरपूरला पोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. आभाळात उजेड होता, पण तो नियमात धरत नाहीत. काका ओट्यावर होते. मी गाडी बंद केली. कायम झालो, हे सांगितलं. ते म्हणाले, "चिंचेपाशी हळू केली तू. काहून?"

"भीती वाटली."

"हं," ते म्हणाले. "भेव गाळता येत नाई."

काकू दारात उभ्या होत्या. "जेवले नाईत," त्या मला म्हणाल्या. "ताट वाढून ठेवलं होतं. म्हने वापस आल्याचा आवाज आयकतो, मंग बसतो. सूर्य काय याईच्या मशीनसाठी थांबनार हाये?"

सकाळपर्यंत आता पाणीही नव्हतं. माझ्या तोंडाला भज्यांची चव होती. काका उठले, गाडीच्या गरम इंजिनाजवळ हात नेऊन शेकला आणि म्हणाले, "जेवन उद्या भी भेटते. कोठं पळून चाललं?"

चार-पाच वर्षं त्या गाडीवर मी सगळी गावं फिरलो. शिरपूर आलं की काका आवाजावरून सांगत, चेन ढिली आहे की मी घाईत आहे. एकोणऐंशीत बदली झाली चांद्याकडे. गाडी काकांनी परत घेतली नाही. "उभी राहिली का पुन्हा माशी घर करन," म्हणाले.

काका आता थकलेत, काकूंच्या सांगण्यावरून दुकानात कमी बसतात. गाडी मी अजून चालती ठेवली आहे, पेट्रोल जाड फडक्यातून गाळतो आणि फडकं बाहेर झटकतो. एक दिवस मी ती घेऊन शिरपूरला जाईन. त्यांचा एका संध्याकाळचा घास माझ्याकडे बाकी आहे. काकूंना ताट वाढायला सांगेन, ओट्यासमोर गाडी बंद करेन आणि काकांचं जेवण होईपर्यंत मीच वाढत राहीन. सकाळीच निघेन. सूर्य चांगला वर असतानाच पोचेन.