फिल्मवरचं कुंकू

दवाखान्यातले टाकाऊ एक्स-रे महादूकाका मागून आणत आणि सोड्याच्या कढत पाण्यात घासत बसत. कोणाच्या तरी बरगड्या धुऊन गेल्या की हाती काचेसारखी स्वच्छ फिल्म येई.

पूर्णा स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत ते रंगारी होते. मी काउंटरवर ऑर्डरी घेत असे. काळ्या-पांढऱ्या फोटोला ते ब्रश कधी टेकवत नसत. वर फिल्म ठेवायची आणि रंग तिच्यावर द्यायचा. लुगड्याची फिल्म वेगळी, दागिन्यांची वेगळी, खालच्या नावाची वेगळी. हिरवं नको, जांभळं हवं, तर तेवढीच बदलायची. काका मला म्हणत, "रंग धुता येतोय ताई. मूळ माणूस खराब झालं की झालं."

ताडकळसच्या एका पाटलांनी वारलेल्या बायकोच्या फोटोत बोरमाळ मागितली, मग पुतळ्या, मग चपलाहार.

"पाटील, फुकटचं हाय म्हणून किती लादायलाव? मान मोडंल की बाईची!"

"घाला हो. जित्ती होती तवा राहून गेलं."

काकांनी फिल्मवर चपलाहारही रंगवला.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर मुलाचा, प्रकाशचा, लग्नातला फोटो होता. शेजारी सून शालन. तिचं कुंकू, हिरवा शालू, दोघांची पिवळी नावं, सगळं फिल्मवर. प्रकाश विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला गेला आणि परत आला नाही. काकांनी पोलीस ठाणी, दवाखाने पालथे घातले. कुठंच पत्ता लागला नाही. फोटोतली नावं फिकटली, पावसाळ्यात भिंत पाझरू लागली. फ्रेम उघडून पुसा म्हटलं, की उत्तर ठरलेलं : "परकाश आल्यावर खोलू."

अशी बरीच वर्षं गेली. मग शालनच्या भावानं सेलूचं एक स्थळ आणलं. ती स्टुडिओत आली, बसली नाही.

"मामा, तुमी हो म्हणल्याबिगर मी जाणार न्हाई. पण तेवढं कुंकू पुसा. मला आता वाट बघवंना."

काकांनी फ्रेम भिंतीवरून खाली घेतली. म्हणाले, "जा पोरी. अन् पुसायचं कशाला? फिल्म उचलली की झालं. खाली तुमी दोघं हाव तसंच."

त्यांनी खिळे काढले, कोपरा धरून फिल्म ओढली. ओलीनं ती फोटोला चिकटून बसली होती. फिल्मसोबत प्रकाशचा चेहरा निघून आला. खाली पांढरा कागद उरला. तो फोटो शालनच्या माहेरच्या फोटोग्राफरनं काढलेला. त्याचं दुकान केव्हाच बंद पडलं होतं. दुसरी प्रत नव्हती.

शालन सेलूला गेली. काकांनी एक्स-रे आणणं सोडलं आणि ते रंग थेट फोटोवर द्यायला लागले. गिऱ्हाइकाला आधीच बजावत, "मागून बदलणार न्हाई."

नामांतर झालं त्या दिवशी रस्त्यावर निळा गुलाल उधळला. पोरं पेढे घेऊन आत आली.

"काका, झालं की हो!"

"झालं," काका म्हणाले. पेढा टेबलावर ठेवून त्यांनी एका नवरीच्या कपाळावर ब्रश टेकवला.