सुमनकाकूच्या नावाची सही

“पदर सावरू नका. मेलेल्या बाईला लाज नसते.”

सेफ्टी ऑफिसरसाहेब हे माईकवर बोलले. समोर खुर्च्यांवर पाहुणे बसलेले. आणि आम्ही ड्रम धुणाऱ्या कंत्राटी बाया कारखान्याच्या आवारात तापलेल्या सिमेंटवर मरून पडलेल्या. सुरक्षा सप्ताह होता. विषारी वायू सुटला तर माणसं कशी वाचवायची, याचं नाटक करून दाखवायचं होतं. वाचवणारे कायम नोकरीतले पुरुष, तोंडाला मास्क लावून. मरणाऱ्या आम्ही, गळ्यात ‘मृत’ असा पुठ्ठा अडकवून. माझा पदर सरकला होता आणि तो ओढायला मी हात हलवला, म्हणून साहेब तसं बोलले. पाहुणे हसले. मग साहेब जवळ आले, बुटाच्या टोकाने त्यांनी माझी हनुवटी वळवली आणि म्हणाले, “ही बघा. मेली तरी श्वास घेते.”

पुन्हा हसू. एका मॅडमने फोटोही काढला.

मी उठले नाही. कुणी म्हणेल, पोटासाठी. पोट होतंच, पण खरं सांगायचं तर मला साहेबांच्या मर्जीत राहायचं होतं. नाटक संपलं, मास्क पुसून काचेच्या कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली साहेबांच्या खिशात गेली. आम्ही कपडे झटकून पुन्हा ड्रम धुवायला बसलो. नाकाला ओला दुपट्टा बांधायचा, तोच आमचा मास्क.

त्या मर्जीचं कारण होतं एक रजिस्टर. कोणत्या ड्रममध्ये काय असतं, कशाला काय लागू द्यायचं नाही, हे कामगाराला दर महिन्याला शिकवायचं असा नियम आहे. शिकवल्यावर त्याची सही घ्यायची, मास्क मिळाला म्हणून दुसरी सही घ्यायची. शिकवलं कुणीच नाही. सह्या मात्र दर महिन्याला झाल्या. त्या मी केल्या. आमच्यात बारावी शिकलेली मी एकटीच. साहेब मला ऑफिसात बोलवायचे, पंख्याखाली खुर्ची द्यायचे आणि रजिस्टर पुढे सरकवायचे. मी सगळ्या बायांच्या सह्या वेगवेगळ्या वळणाने करायची. एकीची तिरपी, एकीची गोल, एकीचं शेवटचं अक्षर मुद्दाम तुटकं. साहेब म्हणायचे, हुशार आहेस. मी फुलून जायची. बाहेर बाया उन्हात ड्रम घासत असायच्या आणि मी पंख्याखाली बसून त्यांना शहाणं करून टाकायची.

सुमनकाकू माझ्याच गावची, आंधळगावची. तिनेच मला या कामावर आणलं. तिला लिहिता येत नव्हतं, आयुष्यभर अंगठा लावला. एकदा मी रजिस्टर घेऊन ऑफिसातून बाहेर आले तर तिने मला थांबवलं आणि आपलं नाव कुठे आहे ते विचारलं. मी दाखवलं. तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

“माही सही हाय का वं हे? मस्त दिसते.”

त्या ओळीत लिहिलं होतं की ॲसिडचे आणि ब्लीचचे ड्रम वेगळे ठेवायचे हे तिला समजलं आहे. मी तिला ते वाचून दाखवलं नाही. मला तरी त्यातलं काय कळत होतं? लिहायला सांगितलं, लिहिलं.

धान कापणीचे दिवस होते. निम्म्या बाया शेतावर गेलेल्या, आणि रिकाम्या ड्रमांचा ढीग लागलेला. सुपरवायझर सकाळपासून कावत होता, जेवणाच्या सुट्टीआधी आवार मोकळं करा म्हणून. ड्रम रिकामे म्हणायचे, पण प्रत्येकाच्या तळाशी काही ना काही उरलेलं असे. लेबलं कधीच निघून गेलेली. काकू घरी करायची तेच तिने इथे केलं. आमच्याकडची कोणतीही बाई करेल. पाण्याच्या दोन गुंडांत, म्हणजे हंड्यांत, थोडं थोडं पाणी उरलं की एकात ओतायचं आणि दुसरा गुंड घासायला घ्यायचा. तिने एका ड्रममधलं दुसऱ्यात ओतलं.

पिवळट हिरवी वाफ वर आली. काकू वाकलेलीच होती. तिने तोंड वर केलं, खोकली, आणि ड्रमच्या काठाला धरून खाली बसली. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आल्यावर सुटणारा तो वायू जड असतो, जमिनीलगत बसतो, हे मला मागून कळलं. ती नेमकी त्यातच बसली.

मी कपाटाकडे धावले. कुलूप. साहेब जेवायला भंडारा शहरात गेलेले. काचेपलीकडे मास्क टांगलेले, स्वच्छ, एका रांगेत. बाजूला लोखंडी पाना पडला होता. एक घाव पुरला असता. मी काच फोडली नाही. मी किल्ली, किल्ली म्हणून ओरडत राहिले. साहेबांची काच फुटेल, या भीतीने माझा हात उचललाच गेला नाही. शेवटी दोघा मजुरांनी तोंडाला ओले दुपट्टे बांधून काकूला ओढत बाहेर काढलं. तिच्या तोंडाला फेस होता. तिसऱ्या दिवशी ती नागपूरच्या दवाखान्यात मेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती आणि श्वासासाठी गादी ओरबाडत होती.

कारखाना निरीक्षक यायच्या आधी साहेबांनी मला बोलावलं. तीच खुर्ची, तोच पंखा. रजिस्टर उघडं होतं.

“तिची सही आहे. म्हणजे तिला माहीत होतं. तू फक्त एवढं लिहून दे, की तिनं ऐकलं नाही.”

वर हेही म्हणाले की तुझं कायम नोकरीचं बघतो. मी त्या सहीकडे बघितलं. चांगलं वळणदार अक्षर. अशाच अक्षरांवरून काकूने बोट फिरवलं होतं. मी रजिस्टर मिटलं आणि उठले. साहेबांनी ते हो समजून घेतलं.

निरीक्षक आले. साहेब शेजारी उभे होते. मी रजिस्टरवर बोट ठेवलं.

“हे सही माह्या हातची हाय. सुमनकाकूले लिहिताच येत नव्हतं. साऱ्या बायांच्या सह्या मीच करत होती. आमाले कोणी कायी शिकवलं नाही.”

साहेब सावकाश म्हणाले, “तू पण अडकशील.”

“अडकू द्या.”

माझं काम त्याच दिवशी गेलं. बाया माझ्याशी बोलायच्या थांबल्या, कारण चौकशी लागली आणि त्यांचंही काम बंद पडलं. मग एका सकाळी काकूचा नवरा माझ्या दारात आला. मला वाटलं, निदान हा तरी म्हणेल की पोरी, खरं बोललीस. मी पाण्याचा गिलास पुढे केला. त्याने घेतला नाही.

“सह्या करून राहिली होती, तवा तुले कायीच वाटलं नाही?”

“नाही वाटलं, काका.”

तो निघून गेला. मी त्याला थांबवलं नाही, माफीही मागितली नाही. कोणत्या तोंडाने मागणार होते?

आता केस कोर्टात आहे आणि कंपनीच्या वकिलाचा निरोप येतो. जबाब फिरव, तुझं नाव कागदातून काढतो. मी उलट निरोप दिला आहे की माझं नाव राहू द्या. आधी मालकाचं लिहा, मग साहेबांचं, त्याखाली माझं. होईल ती शिक्षा भोगीन. पण सुमनकाकूला माहीत होतं असं कोर्टात कुणी म्हणालं, तर मी प्रत्येक तारखेला उभी राहून सांगणार आहे : तिला माहीत नव्हतं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.