भोपळ्यावरचा मुकुट

इटलीतल्या पादुआत पोराला पदवी मिळाली की घरची माणसं त्याच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढवतात. पदवीचं नावच मुळी 'लाउरेआ', त्या झाडावरून पडलेलं. इंग्रजीत गौरवलेल्या कवीला 'लॉरिएट' म्हणतात, त्या शब्दाच्या पोटातही हेच झाड. तसं एक झाड नीवेसच्या परसात होतं, आणि मुकुट विणणं हे तिचं काम.

माप मात्र ती कधी स्वतःच्या डोक्यावर घेत नसे. ओट्यावर एक भोपळा असे, त्यावर घेई. पदवीआधी मुकुट घातला तर पदवी कायमची हुकते, असं तिकडे मानतात. नीवेसचे सगळे पेपर तरुणपणीच झालेले. राहिला होता शेवटचा प्रबंध. तेवढ्यात सासूनं अंथरूण धरलं, मग नवऱ्यानं. मूलबाळ नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता केस पिकले. हे ठाऊक होतं फक्त शेजारच्या लुईजाला. पदवीधराला तिकडे डॉक्टरच म्हणतात, म्हणून ती भिंतीवरून डोकावून चिडवायची, "अगं, त्या भोपळ्याला किती वेळा डॉक्टर करशील? आता तुझं बघ की."

नवरा गेला, मागोमाग लुईजाही. मग नीवेसनं मनावर घेतलं. हरवलेलं मिळवून देणाऱ्या संत अंतोनीच्या समाधीला हात लावला आणि तशीच विद्यापीठाच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं, आत जाऊन विचारूनही आली.

"बाई, तुमचे पेपर आता धरत नाहीत हो. फार वर्षं झाली. पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल."

"पहिल्यापासून," नीवेस म्हणाली, आणि तिचे आभार मानून निघाली.

घरी येऊन ती सवयीनं भिंतीशी गेली. पलीकडच्या खिडक्या बंद होत्या.

दुसऱ्या दिवशी एका मुलीला पांढऱ्या फितीचा मुकुट हवा होता. पांढरी फीत म्हणजे साहित्य. नीवेसचाही विषय तोच. तिनं डहाळ्या तोडल्या, विणायला बसली. मापाची वेळ आली तेव्हा भोपळा हाताशीच होता. तिनं मुकुट स्वतःच्या डोक्यावर ठेवला. जरा सैल होता. दोन डहाळ्या आत वळवून पुन्हा घातला, नीट बसला. मग उतरवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी तिनं भोपळा चिरला आणि खाली पडलेलं लॉरेलचं एक पान तमालपत्रासारखं टाकून शिजत ठेवला. एका माणसाला तो फार होता.