किसनमामांना बिडीचा शौक नव्हता

पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन वर आलं होतं, दहाव्याला जमलेली माणसं कंटाळली होती. आमचे मालक पुढं झाले आणि बिडीचा गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाले, "सुपरवायझर, एक पेटवून ठेवा पिंडापाशी. किसनमामा बिडीचे लई शौकीन. तिच्यातच जीव अडकलाय त्यांचा."

बिडी ओढल्याशिवाय पेटत नाही. मामांना कॅन्सर निघाला त्या दिवशी मी ती सोडली होती. गठ्ठ्याच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं, हे खरं. पण 'शौकीन' या शब्दानं डोकंच फिरलं.

तेरखेड्यात फटाक्यांच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. किसनमामा टेस्टिंगवाले. म्हणजे प्रत्येक लॉटमधले थोडे फटाके लांब माळावर नेऊन वाजवायचे; वात नीट जळते का, आवाज बरोबर येतो का, ते बघायचं. आवारात काडीपेटीला बंदी, गेटवर मीच खिसे तपासायचो. माळावर मात्र विस्तव लागायचाच.

सुरुवातीला मामा अगरबत्तीनं वात पेटवायचे. दर वेळी ती खाली ठेवायची, फटाका मांडायचा, पुन्हा उचलायची. कधी मोडायची, कधी मातीत विझायची. मला उशीर सहन होत नव्हता.

"मामा, बिडी तोंडात धरा. दोन्ही हात मोकळे राहतील."

"म्या वढत न्हाय, अण्णा."

"ओढायची कशाला? नुसती धरायची."

थोड्याच दिवसांत मामा हसत म्हणाले, "अण्णा, ही लई लबाड हाय. वढली न्हाय तर इझती."

मीही हसलो. पुढं गठ्ठा कारखान्याच्या खर्चानं यायला लागला. रोज सकाळी तो मी त्यांच्या हातात द्यायचो आणि दुपारी त्यातलीच एक मागून घ्यायचो.

एखादा बॉम्ब फुसका निघाला की मामा बाकीच्यांना मागं सारून स्वतः पाण्याची बादली घेऊन जायचे. "तुमची लेकरं ल्हान हायती," म्हणायचे. त्यांची तरी कुठं मोठी होती.

काही वर्षांनी खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा मी त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "बिडीचा नाद कधीपासून?" मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "जुनीच सवय हाय सायेब," म्हणाले. त्यांनी मला झाकलं आणि मी झाकून घेतलं.

दहाव्याला मात्र गप्प बसवेना. मी गठ्ठा मालकांच्या हातात परत ठेवला. "शौक नव्हता त्यांना. आपल्याकडं आले तेव्हा ते बिडीला शिवतही नव्हते. मी लावली, तुम्ही पुरवली."

"आवं, आज कशाला ते? एकेकाचं नशीब असतंय."

"नशीब असं गठ्ठा बांधून येत नाही, मालक."

मागं बसलेल्या मामी म्हणाल्या, "मी रोज भांडायची. ते म्हणायचे, कामाची हाय. मला वाटायचं, खोटं बोलत्यात."

बिडी मग कुणी पेटवली नाही. कावळा शेवटपर्यंत आलाच नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

टेस्टिंगला नवा माणूस आला तेव्हा मालकांनी सवयीनं गठ्ठा मागवला. मी तो आत येऊ दिला नाही. तेलाच्या रिकाम्या डब्याची एक बाजू कापली, तळाला वाळू भरली, त्यात अगरबत्ती खोचली. वाऱ्याला आडोसा झाला, दोन्ही हात मोकळे राहिले, कामाला जराही उशीर लागला नाही.

आता मी निवृत्त आहे. गावात अजून कुणीतरी म्हणतं, "किसन बिडीपायी गेला, लई शौक होता त्याला." तसं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिलं.

मला तलफ अजून येते. तेव्हा तो डबा आठवतो. तसले डबे मामा कामाला लागले त्या दिवशीही गेटजवळ पडलेले होते.