गुहेतला बोळका म्हातारा

घाटकोपरच्या एका शाळेत मी पाचवीला इतिहास शिकवायचे. आदिमानवाचा धडा आला की मला स्फुरण चढायचं. पदर खोचायचा, गुडघ्यात वाकायचं, हात लोंबते सोडायचे आणि ‘हूं हूं’ करत बाकांमधून फिरायचं. हा निअँडरथल. मग ताठ उभं राहून निऱ्या सारख्या करायच्या. हे आपण. मुलं टाळ्या पिटायची. उत्क्रांती म्हणजे एक रांग आहे आणि तिच्या अगदी पुढच्या टोकाला मनगटावर घड्याळ बांधून मी उभी आहे, याबद्दल तेव्हाच्या या बाईंना जराही शंका नव्हती. पुस्तकात त्या बिचाऱ्याबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या. बाकीचा मठ्ठपणा मी पदरचा घातला होता.

शाळा सुटली की विक्रोळीच्या चाळीत यायचं. तिथे दारातच सासूबाई बसलेल्या. त्यांच्या तोंडाचं पार बोळकं झालं होतं. पान चावता येत नसे, म्हणून पितळेच्या चिमुकल्या खलबत्त्यात विडा कुटून द्यायचं काम माझ्याकडे. बी.ए., बी.एड. झालेली बाई पान कुटत बसलीय हे शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून मी मोरीत बसून कुटायचे. ठणठण आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जायचा, पण एवढं त्या शहाणीच्या डोक्यात कुठलं यायला! सासूबाई मात्र ते लालभडक बोळकं उघडून येणाऱ्याजाणाऱ्याशी मजेत गप्पा मारायच्या. मला वाटायचं, घरात अश्मयुग चालू आहे.

आता आम्ही मुलुंडला राहतो, मुलगा, सून आणि नात यांच्याबरोबर. मध्यंतरी आमच्या ह्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसणार नव्हती. तोवर मऊ खायचं, एवढंच. पण ह्यांनी जेवायला टेबलाशी येणंच सोडलं. सून ताट खोलीत नेऊन ठेवायची आणि ते जवळजवळ तसंच परत यायचं. चहा आणि ताक, बस्स. लेंगा कमरेवर राहीना. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, असंच चाललं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल.

“सुनेसमोर भात कालवून मम्मम् करत बसू?” हे म्हणाले. “तोंड बघ माझं.”

“बघतेय की. सासूबाईंचंच आहे. फक्त मिशा जास्त.”

ह्यांना हसू आलं नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

नात कॉलेजात पुरातत्त्व शिकते. निअँडरथलांना बुद्धी होती का, या विषयावर तिला वर्गात बोलायचं होतं. त्याची तालीम हॉलमध्ये माझ्यासमोर चालली होती. आजोबांना ऐकू जावं म्हणून तिने त्यांच्या खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं.

“आजी, तू शाळेत काय शिकवायचीस गं यांच्याबद्दल?”

मी उठून ‘हूं हूं’ करून दाखवलं. वाकले ती वाकलेच. तिनेच धरून सरळ केलं.

“वाट लागली! सगळं चूक, आजी.”

मग तिने माझी शिकवणी घेतली. त्यांचा मेंदू आपल्याएवढाच होता. दगडाचं पातं काढायचं तर आधी दगडाला आकार द्यावा लागतो, म्हणजे पुढचं ठरवून काम करायचे. झाडाची साल तापवून तिचा डांबरासारखा डिंक काढायचे आणि त्याने पातं दांड्याला चिकटवायचे. आपल्या पूर्वजांशी त्यांची सोयरीकही झाली होती. त्यांचा अंश अजून आपल्यात आहे म्हणे. कोणाच्या बाजूने तुझ्यात आला असेल, ते मी तिला लगेच सांगितलं.

“आणि युरोपातल्या एका गुहेत एक म्हातारा सापडलाय,” ती पुढे म्हणाली. “त्याचे बरेचसे दात जिवंतपणीच पडले होते. दातांच्या खाचा हाडाने भरून आल्यात, म्हणजे त्यानंतरही तो बरेच दिवस जगला. काही जण म्हणतात, त्याला कोणीतरी कुटून, मऊ करून खायला देत असणार. काही म्हणतात, उरलेल्या दातांवर त्याचं तो भागवत असेल. पण दिलं असेल तर बघ ना, केवढी अक्कल!”

आतून आवाज आला. “आणि तो खायचा?”

“कोण, आजोबा?”

“तो म्हातारा. सगळ्यांच्या देखत खायचा, की तोंड फिरवून?”

“हाडांवरून तेवढं नाही ना कळत.”

“मग कसली तुमची विद्या!” आतला पलंग करकरला. ह्यांनी कूस बदलली असावी.

देणाऱ्याची अक्कल मोजायला एवढे विद्वान जमले होते. घेणाऱ्याचं काय, हे विचारायला उपाशी माणूसच लागला.

आता एक सांगायला हवं. माझ्याही तोंडात कित्येक वर्षं कवळी आहे, वरची आणि खालचीसुद्धा. ती मी न्हाणीघराला कडी लावूनच काढते, धुते आणि बसवूनच बाहेर येते. ह्यांना ती आहे हे माहीत होतं, पण तिच्याविना माझं तोंड ह्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मोरीत बसून पान कुटणारी ती बाई माझ्यात अजून ठणठणीत होती.

रविवारी मी बांगडे भाजले, काटे काढले आणि माळ्यावरचा तो पितळी खलबत्ता खाली काढायला लावला. ओलं खोबरं, कोकम आणि बांगडा असं सगळं त्यात कुटलं. एक विडा मावेल एवढंच ते भांडं, त्यामुळे सकाळभर ठणठण चालली. ती मी मुद्दाम हॉलच्या मधोमध बसून केली. गुरगुट्या भात केला. ताटं मांडली, ह्यांना हाताला धरून आणलं.

हे खुर्चीत बसले ते ओठ घट्ट मिटून.

मी सुनेकडे पाहिलं, एक काचेचा वाडगा ओढला, दोन्ही कवळ्या काढून त्यात ठेवल्या आणि भाताचा घास घेतला.

सुनेच्या हातातला डाव वरच्या वर राहिला. मुलगा ताटात बघायला लागला.

“शी! काय दिसतेस!” हे म्हणाले.

“तुमच्याथारखीच,” मी म्हटलं. दातांशिवाय ‘स’ म्हणता येत नाही, हे मला तेव्हाच समजलं.

आधी नातीला हसू फुटलं. मग ह्यांचे खांदे हलायला लागले. मिटलेलं तोंड उघडलं, आत सासूबाई दिसल्या, आणि मी तेवढ्यात घास भरवला. तो ह्यांनी गिळला. दुसरा स्वतःच्या हाताने घेतला.

“कोकम कमी पडलंय,” हे म्हणाले आणि ताट पुढे केलं.

नळीचा विषय तिथेच मिटला. दुसऱ्या दिवशी हे बोलावण्याआधीच टेबलाशी येऊन बसले. मी वाडग्याकडे हात नेला, तशी सून हळूच म्हणाली, “आई, तेवढा वाडगा दुसरा घ्याल का? त्याच्यात मी कोशिंबीर करते.”