उपाशी गाठ

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते, आणि घरी आईलाच कर्करोग झाला होता. लोक म्हणायचे, बरं आहे, घरातच तज्ज्ञ आहे. त्या घरात मला कुत्रंही विचारत नव्हतं.

खऱ्या तज्ज्ञ खालच्या मजल्यावर राहायच्या. साताऱ्याकडच्या काकू, यजमान कळंबोलीच्या लोखंड बाजारात. त्यांनी आईला सांगून टाकलं, "गाठीला खायाला घालू नगा, ताई. उपाशी ऱ्हायली की आपसूक मरतीया."

झालं. आईचे सोमवार आणि चतुर्थ्या होत्याच, त्यात गुरुवार आणि शनिवार आले. उरलेल्या दिवशी अर्धी भाकरी. वजन आणखी उतरलं तर केमोचं पुढचं सलाईन देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने तिथे शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन हातातला राजगिऱ्याचा लाडू परत डब्यात ठेवला.

माझं डोकं फिरायचं, कारण प्रयोगशाळेत मी रोज हाच उद्योग करत होते. त्या पेशी भलत्या खादाड. त्यांच्या खाण्याचा लाल द्रव बघता बघता पिवळा करून टाकायच्या. मी तो काढून घ्यायचे, त्यांना नुसत्या खारट पाण्यात ठेवायचे आणि त्या मरायची वाट बघायचे. त्या मरायच्या नाहीत. सर माझ्यावर वैतागायचे, मी पेशींवर. शेवटी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की बायांनी स्वतःचेच तुकडे पचवायला घेतले होते. बारीक झाल्या होत्या, पण तग धरून होत्या. द्रव परत दिला की पुन्हा टुणटुणीत.

एका दुपारी आईपुढे दहीभात कालवून ठेवला आणि हे सगळं तिला पुन्हा एकदा तावातावाने सांगितलं. गाठ स्वतःला खाऊन जगेल, उपासाने मरशील ती तू. तिने भाताला हात लावला नाही. उलट भलतंच विचारलं.

"तुझ्या त्या पेशी कोणाच्या गं?"

परदेशातल्या एका बाईच्या, मी म्हटलं. तिच्या गाठीतून काढलेल्या, तेव्हापासून वाढवताहेत.

"बरी झाली का ती?"

मी इतकी वैतागले होते की खोटं बोलायचंसुद्धा सुचलं नाही. ती केव्हाच गेली, म्हणून मोकळी झाले, आणि लगेच जीभ चावली.

आईने ताटाकडे बघितलं.

"म्हणजे बाई गेली," ती म्हणाली, "आणि गाठ अजून तुमच्याकडे जेवतेय."

तिने ताट पुढे ओढलं, पहिला घास उचलून बाजूला ठेवला, गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा. "हा तिचा," म्हणाली, आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घातला. मग लोणचं मागितलं.

त्या दिवशी गुरुवार होता.