रूपक तालातले गोरे

विचित्र मात्रांची लांबच लांब गाणी वाजवणारा तो इंग्लंडचा म्हातारा रॉक बँड मुंबईत येणार, हे वाचलं तेव्हा मला आनंद कमी आणि राग जास्त आला. वीस वर्षं आधी यायला काय झालं होतं यांना? तेव्हा दादा चांगला होता.

आता दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मुलुंडच्या घरात स्वतःच्याच खोलीचं दार शोधत फिरतो. आम्ही दोघंच भाऊ. मला तो कधी इन्शुरन्सवाला समजतो, कधी कोणीच समजत नाही. फार आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात, तसं आशेलाही नसावं. त्याच्या आवडीचं गाणं समोर वाजलं तर तो एकदा तरी मला ओळखेल, एवढ्यासाठी मी दोन तिकिटं काढली.

"भाऊजी, त्रास होईल हो त्यांना," वहिनी म्हणाली. "आणि तुम्हालाही."

या बँडच्या कॅसेटी घरात आणल्या त्या दादानेच. तो तेव्हा तबला शिकत होता, त्यामुळे साहेबाचं संगीतसुद्धा आपल्या तालात बसवून ऐकायचा. बँडच्या सगळ्यांत लांब गाण्यात मधला मोठा तुकडा सात मात्रांचा आहे. दादाच्या लेखी तो सरळ रूपक. बाबा गिरणीतून दमून आलेले असायचे, त्यांना सगळाच भोंगा वाटायचा. दादा मला समोर बसवून मांडीवर ताल धरायला लावायचा. इतर तालांत समेवर टाळी असते, रूपकात मात्र समेवरच खाली, तिथे हात उलटा करायचा. मी हमखास टाळी द्यायचो आणि टपली खायचो.

गोरेगावच्या हॉलमध्ये सगळे आमच्याच वयाचे. पांढऱ्या पोनीटेली, गुडघ्यांना पट्टे. बँडमध्ये मूळचे दोघेच उरलेले. गाणारा उंच स्टुलावर बसून, वरचे सूर टाळत, कसाबसा गात होता. एवढी वर्षं वाट पाहिली ती याच्यासाठी का, असं वाटून मन खट्टू झालं. दादा तर कानांवर हात ठेवूनच बसला होता. "घरी चल ना," हेच त्याचं चालू. शेजारचे वळून बघायला लागले. आपण शुद्ध मूर्खपणा केला, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

मग ते लांब गाणं सुरू झालं. सात मात्रांचा तुकडा आला तशी आजूबाजूची मंडळी पहिल्या ठोक्यावर टाळ्या द्यायला लागली. दादाने कानांवरचे हात काढले. उजवा हात मांडीवर आला, आणि समेवर उलटा झाला. पुढच्या समेवर पुन्हा उलटा. ड्रमवर नवीन माणूस होता. त्याने मध्येच काहीतरी भलतंच वाजवून अख्ख्या हॉलच्या टाळ्या चुकवल्या. दादाचा हात चुकला नाही. स्टेजकडे बघणं मी सोडूनच दिलं. सगळं आत शाबूत आहे, मग मीही तिथेच कुठेतरी असणार, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

गाणं संपलं आणि तो माझ्याकडे वळला. कित्येक महिन्यांत त्याचे डोळे इतके लख्ख मी पाहिले नव्हते.

"झकास ना?"

"एकदम झकास. दादा, मी कोण आहे रे?"

त्याने ते ऐकलंच नाही. स्टेजकडे बघत म्हणाला, "धाकट्या भावाला आणायला पाहिजे होतं. त्याला जाम आवडतं हे."

"मग का नाही आणलंस?"

"लहान आहे तो. एवढ्या गर्दीत हरवला तर कुठे शोधू त्याला?"